दूध संकलनाच्या क्लस्टरवर फाल्को: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमचं ऑफिस कोल्हापुरात राजारामपुरीत, सर्व्हर मात्र ॲमेझॉनच्या मुंबई रिजनमध्ये. गावोगावच्या दूध संस्थांचं संकलन, फॅट-एसएनएफच्या नोंदी, दर दहा दिवसांचं बिल, सगळं कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक सर्व्हरवर (क्लस्टरवर) कंटेनर चालवणाऱ्या सिस्टिमवर चालतं. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी पॉड (ॲप्लिकेशनचे कंटेनर ज्यात चालतात ते छोटे घटक) वाढतात, गर्दी ओसरली की बंद होतात. खरी अडचण तिथेच होती. पॉड गेला की आत काय चाललं होतं ते सांगायला काहीच उरत नाही. ॲप्लिकेशनचे लॉग आम्ही बाहेर साठवत होतो, पण त्यात ॲप्लिकेशन स्वतःहून सांगेल तेवढंच. आत कुणी शेल (कमांड चालवायचा प्रोग्रॅम) उघडला, कुठली फाइल वाचली, बाहेर कुठल्या आयपीशी जोडणी केली, याचा त्यात पत्ता नसतो. म्हणून गेल्या पावसाळ्यात फाल्को बसवला. कंटेनरमध्ये चाललेल्या हालचाली नियमांशी ताडून संशयास्पद काही दिसलं की अलर्ट देणारं हे साधन. आता गळीत हंगाम आटोपलाय, साधन पुरेसं वापरून झालंय, तेव्हा सविस्तर लिहितो.

फाल्को सिस्डिग या कंपनीने २०१६ मध्ये सुरू केला, २०१८ मध्ये तो सीएनसीएफकडे (कुबरनेटिससारखे ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारी संस्था) गेला आणि २०२४ मध्ये तिथे ग्रॅज्युएट झाला, म्हणजे परिपक्व प्रकल्प ठरला. ओपन सोर्स आहे, पैसे लागत नाहीत. एका नोडवरचे (क्लस्टरमधल्या एका मशीनवरचे) सगळे कंटेनर एकच लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, वापरतात, या गोष्टीवर त्याचं काम चालतं. प्रोसेस सुरू करायची, फाइल उघडायची, नेटवर्कवर बोलायचं, तर प्रत्येकाला सिस्टिम कॉल करून कर्नलकडेच यावं लागतं. फाल्को ईबीपीएफच्या (कर्नल न बदलता त्यात छोटे प्रोग्रॅम चालवायची सोय) मदतीने तिथे बसून ऐकतो. कुबरनेटिसमध्ये तो डेमनसेट म्हणून लावला की प्रत्येक नोडवर त्याचा एक पॉड येतो. आमच्या एकाही इमेजला (ज्या साच्यातून कंटेनर सुरू होतो) हात लावावा लागला नाही, आणि मला हे सगळ्यात जास्त आवडलं. कर्नल ५.८ किंवा त्यापुढचा असेल तर नवा ईबीपीएफ ड्रायव्हर घ्या. कर्नल मॉड्यूल कंपाइल करायची कटकट राहत नाही आणि नोड अपडेट झाला तरी चालू राहतो.

सुरुवातीचे दिवस अलर्टच्या पुरात गेले, आणि त्यातूनच आमची आमच्या सिस्टिमशी नव्याने ओळख झाली. बिलाच्या दिवशी पीडीएफ बनवणारी सर्व्हिस प्रत्येक बिलामागे एक शेल उघडते, हे टीममध्ये कुणालाच माहीत नव्हतं. एका जुन्या लायब्ररीची ती सवय निघाली. नियम बंद करून टाकणं सोपं होतं, पण मग खरा शेलही सुटला असता. आम्ही फक्त ती इमेज, ती पालक प्रोसेस (शेल सुरू करणारी) आणि ती ठराविक कमांड, तिन्ही जुळलं तरच सोडायचं असा अपवाद लिहिला. अपवाद नेहमी लोकल नियमांच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा, सोबत आलेल्या फाइलला हात लावू नका, नाहीतर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाईल.

कंटेनरमध्ये कुणी टर्मिनल उघडला तर सांगणारा नियम नीट विचार करून लिहिलेला आहे. तो नुसता शेल बघत नाही, त्याला टीटीवाय (माणूस टाइप करतो ते टर्मिनल) जोडलेला आहे का तेही बघतो. म्हणजे स्क्रिप्टने चालवलेला शेल आणि माणसाने बसून उघडलेला शेल वेगळे पडतात. एका संध्याकाळी संकलन ऐन भरात असताना हा अलर्ट आला. नेमस्पेस, पॉडचं नाव, इमेज, युजर, पालक प्रोसेस, सगळं एका ओळीत. विचारलं तर टीममधला एक मुलगा म्हणाला, ‘दादा, मीच आहे, एका संस्थेचं फॅट चुकीचं दिसतंय म्हणून आत बघतोय.’ त्यानंतर प्रॉडक्शनच्या पॉडमध्ये थेट जाण्याची परवानगी आम्ही मोजक्याच लोकांकडे ठेवली.

पण माझ्या मते फाल्कोचा सर्वात मोलाचा नियम वेगळाच आहे. मूळ इमेजमध्ये नसलेली, कंटेनर सुरू झाल्यावर आत आलेली बायनरी (थेट चालवता येणारी फाइल) चालवली गेली की तो क्रिटिकल अलर्ट देतो. ओव्हरले फाइलसिस्टिमच्या वरच्या थरातून (मूळ इमेज खालच्या थरात असते, नंतर लिहिलेलं वरच्या) ती फाइल चालतेय, यावरून त्याला ते कळतं. आम्ही बाहेरच्या एका पुरवठादाराची रिपोर्टिंगची इमेज वापरत होतो. इमेज तपासणाऱ्या स्कॅनरने ती स्वच्छ ठरवलेली. फाल्कोने दाखवलं की ती सुरू झाली की कर्ल या डाउनलोडच्या कमांडने एक फाइल टेम्प फोल्डरमध्ये उतरवते आणि लगेच चालवते. पुरवठादाराने सांगितलं, आमचं ऑटो-अपडेट आहे. असेलही. पण शेतकऱ्यांच्या बँक खात्यांशेजारी चालणारा कोड आम्हाला न विचारता बदलतो, हे मला मान्य नाही. आम्ही ती इमेज काढून टाकली. स्कॅनर इमेज ठेवलेली असताना तपासतो. ती चालू झाल्यावर काय करते हे त्याला दिसणं शक्यच नाही.

आता मर्यादा. गर्दीच्या वेळी इव्हेंट इतके येतात की कर्नल आणि फाल्कोमधला बफर (तात्पुरती साठवण) भरतो आणि पुढचे इव्हेंट गळतात. मुळात हा बफर ८ एमबीचा असतो. तो वाढवता येतो, किंवा नको असलेले सिस्टिम कॉल ऐकणंच कमी करता येतं. आम्ही दोन्ही केलं. गळतीची सूचना फाल्को स्वतः देतो. ती इतर अलर्टइतकीच गंभीरपणे घ्या, कारण तेवढ्या वेळात काय घडलं याची नोंद कुठेच नसते. ॲमेझॉनच्या फार्गेटसारख्या ठिकाणी होस्टचा कर्नल आपल्या हातात नसतो, तिथे हा मार्ग बंद. आणि जोडणी कुठे झाली ते कळतं, एन्क्रिप्ट केलेल्या मजकुरात काय होतं ते नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नियमात बसलं तेवढंच फाल्को बाहेर पाठवतो, बाकी सोडून देतो. अलर्टच्या आधी अर्धा तास त्या पॉडमध्ये काय चाललं होतं, असं नंतर विचारलं तर उत्तर नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात आणि ठराविक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. ६ तासांत मागचा माग काढायचा तर नुसते अलर्ट पुरत नाहीत. यासाठी एका नोडवर सिसफ्लो लावून बघतोय. आयबीएमच्या संशोधकांनी काढलेला हा प्रकल्प फाल्कोच्याच लायब्ररींवर उभा आहे. प्रत्येक वाचन-लेखनाची वेगळी ओळ न लिहिता तो एका प्रोसेसने एका फाइलशी किंवा जोडणीशी केलेला व्यवहार एकत्र करून, किती वेळा आणि किती बाइट, अशी एकच नोंद ॲव्ह्रो फॉरमॅटमध्ये ठेवतो. ॲमेझॉनच्या एस-थ्री स्टोरेजवर साठवायला हे परवडतं, आणि संपलेल्या पॉडची प्रोसेस कुणी सुरू केली ते मागे मागे जात शोधता येतं. सगळ्या नोडवर न्यायच्या आधी एकदा महिनाअखेरच्या गर्दीत त्याचा भार बघायचा आहे.

बसवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक तपासावं. अलर्टमध्ये पूर्ण कमांड लाइन येते. डेटाबेसचा पासवर्ड आर्ग्युमेंटमधून देत असाल तर तो अलर्टबरोबर स्लॅकवर सगळ्या ग्रुपला दिसेल आणि एस-थ्रीमध्येही साठून राहील. आधी ते पासवर्ड कुबरनेटिसच्या सिक्रेटमध्ये (गुप्त माहिती ठेवायची वेगळी जागा) हलवा, जुने बदला, आणि मगच अलर्ट ग्रुपवर सोडा.