पवना डॅमचा व्ह्यू, वर्ग 2 ची जमीन आणि गेलेले 11 लाख 70 हजार

टोकन, नोटरी, "एनए (म्हणजे बिगरशेती परवानगी) प्रोसेसमध्ये आहे" हे सगळं तुम्ही ऐकलेलं असणार, मीही ऐकलं होतं. तरी लिहितोय, कारण मावळात मला गंडवणारी ही एजंट माणसं अजूनही शनिवार-रविवार लोकांना गाडीत घालून प्लॉट दाखवत फिरतायत.

आम्हाला सेकंड होम वगैरे नको होतं. चिंचवडचा फ्लॅट मुलाला देऊन कायमचं राहायला जायचं होतं, त्यामुळे एरिया निवडताना अजिबात घाई केली नाही. मुळशी बघितलं, पण ताम्हिणीच्या बाजूचा तो पाऊस आणि भिंतींना येणारी ओल हिच्या गुडघ्यांना झेपणारी नाही. कार्ला-मळवलीला लोकल आहे, पण विकेंडला लोणावळ्याची गर्दी अंगावर येते आणि भावही आमच्या आवाक्याबाहेरचे. कर्जत घाटाखाली, उकाडा. मग पवन मावळ ठरलं. तिकोना, तुंग, लोहगड-विसापूर, खाली धरणाचं पाणी, कामशेतला स्टेशन, पवनानगरला (जुने लोक अजून काळे कॉलनीच म्हणतात) रोजचं सामान, मोठं आजारपण आलं तर तळेगाव. एरिया निवडण्यात आमचं काहीच चुकलं नाही असं मला आजही वाटतं, नालायक माणूस भेटला एवढंच.

हा एजंट साताऱ्याकडचा, म्हणजे आमच्याच भागातला, हिला काकू काकू करत घरी येऊन दोनदा चहा घेऊन गेलेला. 5 गुंठे, गुंठ्याला 3 लाख 40 हजार, म्हणजे 17 लाख. साइटवर चुन्याच्या रेघा, सिमेंटचे खांब, प्लॉट नंबरच्या पाट्या, मुरमाचा रस्ता, सगळं कसं व्यवस्थित. 51 हजार टोकन त्याच दिवशी यूपीआयने, 4 लाख 49 हजार नोटरी साठेखताला (पुढे खरेदी द्यायचा करार) आरटीजीएस, मग साडेपाच लाखांचा चेक, आणि लाइटचे पोल आणि कंपाउंडसाठी म्हणून 1 लाख 20 हजार रोख. हो, रोख, विनापावती. आता कुणी शहाणपण शिकवू नका, माझ्या डोळ्यांसमोर शेजारच्या प्लॉटवाल्याने पैसे मोजून दिले म्हणून मी दिले. तो शेजारी खरा होता की त्यांचाच माणूस, देव जाणे.

आता सातबाऱ्याचं. घरात सगळे म्हणतात बाबांनी कागदच मागितले नाहीत. मागितले होते! त्याने मोबाईलवर दाखवला, फोन स्वतःच्याच हातात धरून, दोन बोटांनी मोठं करून, "हा बघा काका गट नंबर, हे क्षेत्र, हे मालकाचं नाव". दुसऱ्या हाताचा अंगठा स्क्रीनच्या वरच्या कडेवर, आणि उजवीकडचा इतर अधिकारांचा रकाना फोटोत अर्धा कापलेला. तो कापलेला मला दिसला होता हो. मी विचारलंसुद्धा की पुढचं कुठंय, तर म्हणे प्रिंट देतो काका, इथं नेटवर्क नाही, आणि धरणाकाठी नेटवर्क खरंच नव्हतं. ती प्रिंट आजपर्यंत आली नाही. अरे बाबा तो अंगठा जरा बाजूला घे, एवढं एक वाक्य म्हणायचं होतं, पण तेवढ्यात ही म्हणाली बघा बघा समोर तिकोना कसा दिसतोय.

अंगठ्याखाली काय होतं? "भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग-2". म्हणजे त्या कुटुंबाला सरकारकडून मिळालेली जमीन, कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही, आणि कापलेल्या रकान्यात हस्तांतरणास बंदी असं सरळ मराठीत लिहिलेलं. खरेदीखताच्या तारखा पुढे पुढे जायला लागल्या तेव्हा भाच्याने साठेखतावरचा गट नंबर टाकून डिजिटल सहीचा सातबारा काढला, 15 रुपये लागले. पंधरा! मूळ मालकाला गाठलं तर तो म्हणतो मी कुणाला काही विकलंच नाही, चुना मारायला माणसं आली तेव्हा मला वाटलं मोजणीवाले आलेत.

पुढचा तमाशा तर विचारू नका. आमच्या ठाण्यात म्हणाले जमीन तिकडची, तिकडे जा. तिकडे म्हणाले पैसे तुमच्या बँकेतून गेलेत, तुमच्याकडे द्या. अहो 1 जुलै 2024 पासून नवीन कायदा आलाय, बीएनएसएस (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला) कलम 173, हद्द कुठलीही असली तरी गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो, हे मी, एक रिटायर्ड सुपरवायझर, साहेबांना वाचून दाखवतोय आणि ते फोनवर क्रिकेटचा स्कोअर बघतायत. शेवटी काय, तर "हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा". एकच जमीन चाळीसेक जणांना दाखवून पैसे उकळले ते दिवाणी? फसवणुकीचं चारसोबीस जाऊन बीएनएसचं (नवीन दंडसंहितेचं) 318 आलं, पण ते लिहून घ्यायला पेन काही निघत नाही. महसूलच्या एका कार्यालयात तर क्लार्क मलाच म्हणतो, वर्ग 2 चा व्यवहार केलात म्हणजे शर्तभंग झाला, जास्त ओरडू नका, तुमच्यावरच येईल. चोर मोकळा आणि मी गुन्हेगार! अर्जाची पोच मागितली तर साहेब आल्यावर या. साहेब कायम मीटिंगला.

त्यामुळे सातबारा एजंटकडून घेऊच नका, स्वतः काढा, वरची ओळ आणि उजवा रकाना आधी वाचा, मालकाचं नाव नंतर. फेरफारही (मालकी कशी बदलत गेली त्याची नोंद) काढा. तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही, "एनए झाल्यावर करू" म्हणणाऱ्याला म्हणावं एनएची ऑर्डर दाखव, मग टोकन. जिरायतीला 20 गुंठ्यांची अट आहे, 5 गुंठ्यांचं खरेदीखत कसं करणार ते त्यालाच विचारा, म्हणून तर हे लोक नोटरीवर भागवतात, आणि नोटरीच्या कागदाने जमीन तुमची होत नाही. 500 चौरस मीटरच्या वरचा लेआउट विकायचा तर महारेरा नंबर लागतो, माझा एकट्याचाच प्लॉट 505 होता! वकील आपला, त्यांनी दिलेला नाही. आणि गाववाल्यांशी बोला, एजंट बरोबर नसताना.

एजंटचा फोन बंद, ऑफिसला कुलूप. पण त्याचा दुसरा नंबर चालू आहे, व्हॉट्सॲप स्टेटसला कालच "लेक व्ह्यू, शेवटचे 4 प्लॉट" टाकलंय. तिकोन्यासमोरच्या या लेआउटमध्ये अजून कुणी पैसे भरले असतील तर लाजू नका, सांगा. माझ्या एकट्याच्या अर्जाला कुणी हिंग लावून विचारत नाही, दहा-पंधरा जण एकदम गेलो आणि आकडा कोटीत गेला तर आर्थिक गुन्हे शाखेला फाइल उघडावी लागेल. साठेखताची झेरॉक्स आणि बँकेचं स्टेटमेंट तेवढं काढून ठेवा.