डेबियन १३ नंतर अडलेला संगणक आणि लॅमिंग्टन रोडवरील एक दुकान

लॅमिंग्टन रोडवर संगणक दुरुस्तीची दुकाने पुष्कळ आहेत, परंतु विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली असलेला संगणक समोर ठेवला की बहुतेक ठिकाणी ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो’ एवढेच उत्तर मिळते. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असलेले हे दुकान त्याला अपवाद आहे.

गिरगावातील आमच्या मुद्रितशोधनाच्या कार्यालयातील संगणकावर डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराची, १० व्या आवृत्तीच्या काळापासून एकच प्रणाली आहे; नवी आवृत्ती आली की तीच पुढे अपग्रेड केली जाते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ वर गेल्यानंतर मात्र तो सुरू होईना. रूट फाइल सिस्टिम, म्हणजे प्रणालीच्या मुख्य फाइलींचा साठा, जोडता येत नसल्याचा संदेश देऊन तो कर्नल पॅनिकवर थांबत असे, म्हणजे प्रणालीचा गाभा असलेला कर्नलच पुढे जाण्यास नकार देत असे. दुकानातील तंत्रज्ञांनी पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करण्याऐवजी ग्रबच्या, म्हणजे संगणक सुरू होताना प्रणाली निवडून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मेन्यूतील प्रगत पर्याय उघडले आणि त्यातून आधीचा ६.१ कर्नल निवडला. डिस्क एनक्रिप्टेड, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी, असल्याने पासवर्ड विचारला गेला, तेव्हा त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला आणि स्वतः दुसऱ्या टेबलाकडे वळले. अशी शिस्त दुरुस्तीच्या दुकानात क्वचितच दिसते.

यानंतर त्यांनी प्रथम आमच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मगच निदानाला हात घातला. बूट पार्टिशन, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या फाइलींसाठी डिस्कवर राखलेला भाग, जेमतेम अडीचशे एमबीचे होते आणि काठोकाठ भरलेले होते. त्यामुळे नव्या ६.१२ कर्नलची फाइल तेथे उतरली असली, तरी तिच्याबरोबर लागणारी इनिटरॅमएफएसची फाइल, जिच्या मदतीने कर्नल सुरुवातीला डिस्क उघडतो, ती तयारच झाली नव्हती. नव्या आवृत्तीसोबत येणाऱ्या डेबियनच्या प्रकाशन टिपणांत हे पार्टिशन किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी जागा मोकळी असावी, असे स्पष्ट लिहिलेले आहे; डेबियन १० किंवा त्यापूर्वी बसवलेल्या प्रणालींना ही अडचण येण्याचा संभव अधिक, हेही तेथेच नोंदवले आहे. तो उतारा त्यांनी पडद्यावर उघडून दाखवला. चालू असलेला कर्नल सोडून बाकीचे जुने कर्नल काढणे, अर्धवट राहिलेली पॅकेजे मार्गी लावणे आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बांधणे हे काम तासाभरात झाले. जागा वाचवण्यासाठी इनिटरॅमएफएसमध्ये केवळ याच संगणकाला लागणारी मॉड्यूल (यंत्राचे भाग चालवणारे कर्नलचे तुकडे) घेतली आहेत, त्यामुळे ही डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यास ती सुरू होईलच असे नाही, हा इशारा त्यांनी बिलावरच लिहून दिला. मला हे सर्वांत मोलाचे वाटले, कारण केलेल्या तडजोडी लपवण्याकडेच या धंद्यात सहसा कल असतो.

दुसरी गोष्ट आम्ही विचारलीही नव्हती. ‘साहेब, स्कॅन केलेली पानं तात्पुरती कुठे साठवता?’ असे त्यांनी सहज विचारले. डेबियन १३ मध्ये तात्पुरत्या फाइलींचा टीएमपी फोल्डर डिस्कवर नसून रॅममध्ये असतो आणि तो साधारणपणे निम्म्या रॅमपर्यंतच वाढू शकतो. आमच्या आठ जीबीच्या संगणकावर जुन्या दिवाळी अंकांची शेकडो पाने एकदम स्कॅन करायची म्हटली, तर ती जागा अपुरी पडली असती, आणि संगणक बंद होताच त्या फोल्डरमधील सारे पुसले गेले असते. त्यांनी टीएमपी पुन्हा डिस्कवर आणला. प्रिंटरही थांबला होता, पण तिथे कारण किरकोळ निघाले: ड्रायव्हरची आवृत्ती बदलली की त्याचा प्लगिन, म्हणजे त्याला जोडून लागणारा पूरक भाग, हाही त्याच आवृत्तीचा लागतो. तो उतरवून घेताच छपाई सुरू झाली.

उणिवाही आहेत. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे सीपीयू उचलून दोन मजले चढावे लागतात. ग्राहकाला बसायला एकच स्टूल आहे, आणि संध्याकाळी फोन उचलला जाईल याची खात्री नाही. एकूण १,४०० रुपये झाले. फॉरमॅटच्या दरापेक्षा ते जास्त आहेत, परंतु प्रणाली, टंकलेखनाची मांडणी आणि फॉन्ट सगळे जागच्या जागी राहिले, हे लक्षात घेता मला ते वाजवी वाटतात. बूट पार्टिशन कायमचे मोठे करण्याचे काम त्यांनी वेगळे सांगितले आहे. त्यासाठी संगणक पूर्ण दिवस दुकानात ठेवावा लागेल, म्हणून ते दिवाळी अंकांची कामे संपल्यावर याच दुकानाकडे देणार आहोत.