कट्ट्यामागे एक किलो

आमचं किराणा दुकान अमळनेरला, शाखा पारोळा आणि धरणगावला. एका डाळमिलवाल्याने आम्हाला १४ महिने लुटलं. आणि या १४ही महिन्यांत आमच्या कॉम्प्युटरवर तो पहिल्या नंबरचा सप्लायर होता. तुमच्याकडे ऑर्डर देणारी आणि सप्लायरला मार्क देणारी असली सिस्टीम बसवायचं चाललं असेल, तर आधी हे वाचून घ्या.

पूर्वी सगळा हिशोब आबांच्या डोक्यात. कोण वेळेवर देतो, कोण पावसाळ्यात ओली साखर गळ्यात मारतो, त्यांना तोंडपाठ. दर दहावा कट्टा, म्हणजे गोणी, ते काट्यावर टाकायला लावायचे. तीन दुकानं झाली तसं ते जमेना. मग भाच्याने पुण्याहून येऊन प्रोग्रॅम बसवून दिला. काम चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? तूरडाळ ठरलेल्या आकड्याखाली गेली की ऑर्डर आपोआप व्हॉट्सॲपवर. माल आला की गोडाऊनचा पोरगा मोबाईलवर नोंद करणार आणि सप्लायरला १०० पैकी मार्क पडणार: वेळ, नग, परत गेलेला माल, दर. ७० च्या खाली गेला की मला लाल मेसेज. ९० च्या वर राहिला तर त्याचं पेमेंट २१ ऐवजी ७ दिवसांत. ही शेवटची अक्कल माझी.

डाळमिलचा सेल्समन गोड माणूस. भाच्याला म्हणायचा, "भाऊ, काय डोकं चालतं तुमचं!" भाचा खूश. एकदा त्याने कौतुकाने सगळा स्क्रीनच उघडून दाखवला. सेल्समनने सहज विचारलं, "घट किती धरली आहे?" भाचा म्हणाला, "कट्ट्यामागे एक किलो. त्याच्या आत असली तर मेसेज येत नाही." मी शेजारीच चहा पीत बसलो होतो.

पुढच्याच महिन्यापासून ३० किलोचा कट्टा २९ किलो १०० ते २०० ग्रॅम भरायला लागला. एक किलो कधीच कमी नाही.

नोंदीच्या स्क्रीनवर ऑर्डरचा आकडा आधीच भरलेला असायचा आणि खाली हिरवं बटण: 'बिलाप्रमाणे सर्व मिळालं'. पोरगा ते दाबून मोकळा. पुढे तर सेल्समनने त्याला सवयच लावली. सकाळी बिलाची पीडीएफ आली की बटण दाबायचं, गाडी येईना का दुसऱ्या दिवशी. प्रोग्रॅमच्या लेखी माल वेळेवर. सीएकडे जावं, तर १४ तारखेला येणारं जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्या खरेदी बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं पत्रक, पैशापर्यंत जुळायचं. जुळणारच! समोरच्याने बिल पोर्टलवर चढवलं, एवढंच ते सांगतं. गोणीत काय होतं ते त्याला काय ठाऊक?

आमचा जुना हमाल एकदा म्हणाला होता, "शेठ, कट्टा हलका से." मी म्हटलं, कॉम्प्युटरवर बरोबर आहे, उतरव.

पकडलं ते पॅकिंगच्या ताईंनी. तिघी जणी एक किलोची पाकिटं भरतात, पाकिटामागे एक रुपया. मोठ्या ताई वहीत कट्ट्याकट्ट्याने आकडे मांडतात. सखाराम महाराजांच्या यात्रेच्या आधी मागणी वाढते, म्हणून दुसऱ्या एका मिलचे कट्टे आणले होते. त्यांत ३० पाकिटं भरून वर वाटीभर डाळ उरली. ताईंनी वही माझ्यासमोर ठेवली. पानंच्या पानं २९, २९, २९. "शेठ, या मिलच्या कट्ट्यात आमचा एक रुपया कुठे जातो?"

आठ कट्टे तिथल्या तिथे काट्यावर टाकले. सगळे ८०० ते ९०० ग्रॅमने कमी. महिन्याला साधारण १८० कट्टे, कट्ट्यामागे सरासरी ८५० ग्रॅम. ११० रुपये किलोने धरलं तरी १४ महिन्यांचे २ लाख ३५ हजार.

त्याच झाडाझडतीत तेलाचंही निघालं. तो माणूस दुसरा. प्रोग्रॅममध्ये मालाचं नाव 'तेल डबा १५', एकक 'नग'. दर १५ किलोच्या डब्याचा, येत होता १५ लिटरचा. १५ लिटर तेल भरतं साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. डब्यावर लिहिलेलं होतं हो, वाचलं कोणी?

भांडायला गेलो तर हात रिकामे. मालासोबतच्या प्रत्येक चलानावर आमच्याच पोराची सही, 'माल बरोबर मिळाला'. जुने कट्टे फोडून विकलेले. वैध मापनवाल्यांना, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याला, दाखवायचं काय? ग्राहक आयोगात जाता येत नाही, कारण २०१९ च्या कायद्यात पुन्हा विकण्यासाठी माल घेणारा ग्राहक धरत नाहीत. बिलं अडवली, तर त्याने लहान उद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी पुढे केली. अशा उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात, आणि लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. आमची लेखी हरकत एकही नव्हती. शेवटी मध्यस्थ घालून ६० हजारांची क्रेडिट नोट मिळाली. बाकीचे गेले.

प्रोग्रॅम काढला नाही. पण आता नोंद करणाऱ्याला ऑर्डरचा आकडा दिसत नाही. काटा थेट प्रोग्रॅमला जोडला आहे आणि कुठले कट्टे तोलायचे ते प्रोग्रॅमच ऐनवेळी सांगतो. गाडीचा फोटो नसेल तर तारीख चढत नाही. घटीची मर्यादा भाचा आणि मी सोडून कोणाला माहीत नाही. आणखी एक मेसेज वाढवला: एखाद्याची घट दरवेळी सारखीच येत असेल तरी लाल. खरी घट कधी ५० ग्रॅम असते, कधी ३००. हे सुचलं आबांना, भाच्याला नाही.

ताईंच्या वहीचा फोटो रोज संध्याकाळी माझ्याकडे येतो. पहिला फोटो पाठवला त्या दिवशी ताई दारात घुटमळल्या. म्हणाल्या, "शेठ, तुमचं नुकसान झालं खरं, पण न भरलेल्या पाकिटांची आमची मजुरी?" हिशोब केला, २,५२० पाकिटं. प्रत्येकीला ८४० रुपये मोजून दिले.