ओपनएसएसएच : 50 किलोमीटर लांबून सर्व्हर सांभाळताना

एका दूध संघाचे चार लिनक्स सर्व्हर माझ्याकडे आहेत. सर्व्हर कोल्हापुरात, मी राधानगरी तालुक्यात. मधला रस्ता 50 किलोमीटरचा, आणि पावसाळ्यात त्याचा भरवसा नाही. गेली नऊ वर्षं इथून तिथलं काम चालतं ते ओपनएसएसएचवर, म्हणजे लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवू देणाऱ्या प्रोग्रामवर (बोलताना नुसतं एसएसएच). ते फुकट मिळतं आणि लिनक्समध्ये बहुधा आधीच असतं, त्यामुळे त्याच्यावर अभिप्राय लिहावा असं कुणाच्या मनात येत नाही. माझ्या मनात बरेच दिवस होतं.

बरेच जण एसएसएचने सर्व्हरवर लॉगिन करतात आणि मग आत बसून काम करतात. माझी पद्धत वेगळी आहे. सर्व्हरच्या नावापुढे, त्याच ओळीत, हवी ती कमांड लिहायची. कमांड तिकडे चालते, उत्तर माझ्या लॅपटॉपवर येतं, जोडणी आपोआप बंद होते. पहाटेचं संकलन सुरू व्हायच्या आत मी चारही सर्व्हरच्या डिस्कमध्ये किती जागा उरली आहे ते असंच बघते. चहाला आधण येईपर्यंत काम झालेलं असतं.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तिकडची कमांड पार पडली की फसली, हे सांगणारा आकडा एसएसएच जसाच्या तसा परत आणतं. शून्य आला तर काम झालं. 255 आला तर बहुधा जोडणीतच अडचण आहे. आमच्याकडे दुधाचं बिल दर दहा दिवसांनी निघतं. बिलाआधीच्या बॅकअपचा आकडा शून्य आला नाही, तर माझी स्क्रिप्ट पुढची पायरी चढतच नाही. गवळ्याच्या घरात त्या बिलावर पेंड येते, मुलांची फी भरली जाते. तिथे अंदाजावर काम करून चालत नाही.

सुरक्षिततेबद्दल थोडं. पूर्वी हे काम टेलनेट आणि आरएसएच हे जुने प्रोग्राम करायचे. टेलनेटमध्ये पासवर्ड तारेवरून उघडा जायचा, आरएसएच समोरच्या मशीनच्या नावावर विश्वास ठेवायचं. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात 1995 साली नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातु इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. 21 क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे मशीनचं नेटवर्कवरचं दार, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं, 23 टेलनेटचं, मधलं 22 इलोनेन यांनी मागून घेतलं. ओपनएसएसएच हा त्याचा मुक्त अवतार, ओपनबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या लोकांनी 1999 मध्ये आणलेला. विंडोज 10 मध्येही 2018 पासून ते आयतं मिळतं, त्यामुळे ऑफिसातल्या मुलांना आता वेगळं काही इन्स्टॉल करून द्यावं लागत नाही.

लॉगिनचे पासवर्ड मी बंदच ठेवले आहेत, सगळं किल्लीवर, म्हणजे पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या गुप्त फाइलीवर. किल्लीला एकच कमांड बांधून देता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. रात्रपाळीच्या मुलाला मी अशी किल्ली दिली आहे. त्याने काहीही टाइप केलं तरी त्या किल्लीने फक्त सर्व्हरची स्थिती दाखवणारी माझी स्क्रिप्ट चालते. त्याला बिनधास्त बघता येतं आणि मला शांत झोप लागते.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली अवतरणचिन्हांची. ओळीतला किती भाग माझ्या लॅपटॉपवर उलगडणार आणि किती सर्व्हरवर, हे त्यांच्यावर ठरतं. सुरुवातीला मी डेटाबेसच्या बॅकअपची कमांड अवतरणांशिवाय दिली आणि पुढे बाण (>) टाकून फाइलचं नाव लिहिलं. फाइल सर्व्हरवर शोधत बसले, ती माझ्या लॅपटॉपवर उतरली होती. नंतर मी तोच गुण मुद्दाम वापरू लागले: आता रोजच्या बॅकअपची एक प्रत थेट माझ्या घरी येते. पण नवख्या माणसाने एकेरी अवतरणं कधी आणि दुहेरी कधी, हे आधी पक्कं करावं आणि मगच फाइली पुसणाऱ्या कमांडच्या वाट्याला जावं.

दुसरी चूक महागात पडली. चार सर्व्हरची नावं एका फाइलीत ठेवून मी लूप लावला होता. फाइलीतून नाव वाचायचं, एसएसएच करायचं, पुढचं नाव. पहिल्याच फेरीत एसएसएचने उरलेली तीन नावं स्वतःसाठी आलेला मजकूर समजून गिळली, आणि लूप एकाच सर्व्हरवर संपला. कुठलीही चूक दाखवली नाही. दोन आठवडे अहवालात एकच सर्व्हर येत होता आणि मी तो नीट वाचला नाही. बिलाच्या दिवशी तिसऱ्या सर्व्हरची डिस्क भरली. उपाय एका अक्षराचा आहे: लूपमध्ये एसएसएचपुढे हायफन एन लिहायचं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी किती सर्व्हर तपासले तो आकडा असतो.

तिसरी गोष्ट, लॉगिन करून चालणारी कमांड अशी एका ओळीत दिली की कधीकधी ‘सापडत नाही’ म्हणते. लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या फाइली इथे वाचल्या जात नाहीत, म्हणून कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. प्रशासकाच्या हक्काने कमांड चालवणाऱ्या सुडोला पासवर्ड हवा असेल तर हायफन टी लागतं.

वीज गेली, राउटर बंद पडला, की जोडणी तुटते आणि चालू असलेलं लांबलचक कामही अर्ध्यात मरू शकतं. म्हणून तासभर चालणारं काम मी टीमक्समध्ये लावते, म्हणजे जोडणी तुटली तरी काम जिवंत ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये. ते सर्व्हरवर चालू राहतं, रेंज आली की पुन्हा जाऊन बघायचं. मॉश हा एसएसएचसारखाच दुसरा प्रोग्रामही वापरून पाहिला. रेंज येत-जात असताना लॉगिन टिकवण्यात ते खरंच सरस आहे, पण त्याला 60000 च्या पुढची यूडीपी पोर्टं उघडावी लागतात आणि मागचा मजकूर वर सरकवून बघता येत नाही. एका ओळीच्या कामाला मला एसएसएचच बरं वाटतं.

आणि 2019 चा ऑगस्ट. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले होते, पंचगंगा शहरात शिरली होती, शिरोलीजवळ हायवे बंद. आमचे सर्व्हर दुसऱ्या मजल्यावर होते, पाणी तिथवर येणार नव्हतं. पण जनरेटरचं डिझेल संपत आलं आहे, असा वॉचमनमामांचा फोन आला. माझ्या मोबाइलला एकच दांडी रेंज. तेवढ्यावर मी आधी डेटाबेस थांबवला, मग एकेक सर्व्हर रीतसर बंद केला. एवढ्याला काही किलोबाइट पुरतात. अक्षरं थांबत-थांबत उमटत होती, पण चारही बंद झाले.

बंद मशीन मात्र एसएसएचने चालू होत नाही. पाणी ओसरल्यावर मामांनीच वर जाऊन बटणं दाबली. मी फोन कानाला लावून एकेका सर्व्हरला ‘अपटाइम’, म्हणजे तो किती वेळ चालू आहे ते, विचारत होते. पहिल्याचं उत्तर आलं: दोन मिनिटं. मी म्हटलं, “मामा, एक उठला. आता त्याच्या शेजारचा दाबा.”