हायब्रिडची छोटी बॅटरी बदलून सात महिने झाले, माझा अनुभव

हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी) म्हटलं की सगळे मोठ्या बॅटरीचं विचारतात, किती वर्षं टिकेल, बदलायला किती लागतील वगैरे. मला रडवलं ते डिकीतल्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीने. गणपतीला दोन आठवडे गावी गेलो, गाडी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, डॅशकॅम पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही बॅटरी खात चालू (शहाणपणा माझाच). आलो तर रिमोट चालेना, रिमोटच्या पोटातली चावी काढून दार उघडलं, बटण दाबलं तर नुसती टिकटिक, गाडी निघायला तयार असल्याचा 'रेडी'चा दिवा काही येईना. त्यात बॅटरी डिकीत आणि डिकीचं लॉक करंटवर! बॉनेटखाली फ्यूजबॉक्समध्ये लाल झाकणाखाली जंपचा (बाहेरच्या बॅटरीचा करंट देऊन गाडी चालू करायचा) पॉइंट आहे हे तेव्हा मॅन्युअल वाचून कळलं.

ही बॅटरी इंजिन फिरवतच नाही. कॉम्प्युटर जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले (तिला गाडीशी जोडणारे स्विच) ओढायचे एवढंच काम, पण ही झोपली की मोठी फुल्ल असूनही गाडी ठप्प. साध्या गाडीत स्टार्टर घरघर करून आधी सांगतो तरी, इथे काहीच चाहूल नाही.

पहिल्या दुकानदाराने जाड टर्मिनलवाली साधी बॅटरी आणली, म्हणे क्लॅम्प ठोकून बसवतो. हात जोडले. डिकी म्हणजे केबिनच, त्यामुळे एजीएम (ॲसिड सांडत नाही अशी सीलबंद) आणि गॅस बाहेर न्यायची नळी लागेल अशीच हवी, पैसे साधीच्या जवळपास दुप्पट गेले. बदलली घरीच, १० च्या पान्याने, निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची. ती नळी खोचायला मात्र वीस मिनिटं गेली, हातच पोचत नाही तिथे. नंतर खिडकीचं ऑटो (एकदा बटण दाबलं की काच आपोआप पूर्ण वर-खाली जाणं) गेलं होतं, बटण वर ओढून धरलं की आलं.

तेव्हापासून मल्टिमीटर गाडीतच. रात्रभर उभी राहून सकाळी १२.७ दाखवते, रेडीत १४ च्या वर, कारण मोठी बॅटरी कन्व्हर्टरमधून हिला चार्ज करते. म्हणून रेडी न करता गाणी ऐकत बसणं बंद, पोरं कटकट करतात. एप्रिलमध्ये दहा दिवस उभी होती, डॅशकॅम काढून, तरी पहिल्या बटणाला रेडी.

हायब्रिडने जंप घ्या, देऊ नका. शेजारच्या काकांनी डिझेलसाठी मागितला, तेवढा करंट द्यायला ही बॅटरी बनलेलीच नाही म्हणून नाही म्हटलं, अजून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.