मॉड ऑर्गनायझर २ : स्कायरिमच्या मॉडसाठी जरा किचकट, पण भरवशाचा गडी

स्कायरिम स्पेशल एडिशन या गेमला मॉड, म्हणजे चाहत्यांनी बनवलेले बदल, लावायचे तर ते सांभाळणारे आज दोनच मॅनेजर विचारात घेण्यासारखे आहेत : मॉडची साइट असलेल्या नेक्सस मॉड्सचा स्वतःचा व्हॉर्टेक्स आणि मॉड ऑर्गनायझर २, म्हणजे सगळे ज्याला एमओ२ म्हणतात तो. दोन्ही फुकट. पाच-दहा मॉड टाकून खेळायला बसायचं असेल तर व्हॉर्टेक्स पुरे. पण ‘फक्त ग्राफिक्स जरा सुधारतो’ म्हणत सुरुवात करणारा माणूस स्कायरिममध्ये दहावर थांबत नाही. पन्नासच्या पुढे जायची शक्यता दिसत असेल तर पहिल्या दिवसापासून एमओ२च घ्या, कारण जमलेली यादी एका मॅनेजरमधून दुसऱ्यात हलवणं हा निव्वळ डोक्याला ताप आहे.

एमओ२चं खरं काम एकच आहे. गेमच्या ‘डेटा’ फोल्डरला तो हात लावत नाही. प्रत्येक मॉड स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतो आणि गेम एमओ२मधून चालू केला की हे सगळे फोल्डर ‘डेटा’मध्येच आहेत असं गेमला भासवलं जातं. गेम बंद केला की सगळं जागच्या जागी. त्यामुळे एखादा मॉड नको झाला तर त्याची टिक काढायची, बस्स. दोन मॉडनी एकाच फाइलवर हक्क सांगितला तरी हरलेल्या मॉडची फाइल शाबूत असते, पुसली जात नाही. व्हॉर्टेक्स हार्डलिंक (त्याच फाइलची दुसऱ्या ठिकाणची नोंद) वापरून फाइली ‘डेटा’मध्येच आणून ठेवतो. तेही चालतं, पण नक्की कोणाची फाइल वापरात आहे हे नजरेसमोर राहत नाही.

या पद्धतीची किंमत अशी की सगळं एमओ२मधूनच चालू करावं लागतं. डेस्कटॉपवरच्या जुन्या शॉर्टकटवरून किंवा स्टीमच्या ‘प्ले’ बटणावरून गेम काढला तर एकही मॉड दिसणार नाही. एसएसईएडिट (मॉडच्या नोंदी बघायला-बदलायला), बॉडीस्लाइड (शरीर-कपड्यांच्या आकारासाठी), नेमेसिस (हालचालींसाठी) ही साधनंही एमओ२च्या यादीत टाकून तिथूनच चालवायची. बाहेरून उघडली तर त्यांना कोरा करकरीत गेम दिसतो. ‘मॉड टाकले पण काहीच होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

मांडणीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो फोल्डरचा, म्हणून आधी ते नीट करा. स्टीमची मूळ लायब्ररी ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये असते आणि तिथे विंडोजची परवानग्यांची आडकाठी असते. स्टीमच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेजखाली दुसरी लायब्ररी बनवून गेम तिकडे हलवा. एमओ२साठी ड्राइव्हच्या मुळाशीच छोट्या नावाचं इंग्रजी फोल्डर करा, ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये नको आणि गेमच्या फोल्डरमध्ये तर अजिबात नको. विंडोजवर वापरकर्त्याचं नाव देवनागरीत ठेवलं असेल तर काही जुनी साधनं अशा मार्गावर अडखळतात, तेव्हा मॉडिंगचं सामान त्या नावाखालच्या फोल्डरांत ठेवू नका. वनड्राइव्हने ‘डॉक्युमेंट्स’ ताब्यात घेतलं असेल तर तेही सोडवून घ्या, कारण गेमच्या आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइली आणि सेव्ह तिथेच असतात.

एमओ२ उघडण्याआधी गेम एकदा स्टीमवरून चालू करून मुख्य मेनूपर्यंत जा आणि बंद करा. आयएनआय फाइली तेव्हाच तयार होतात. मग एमओ२ पहिल्यांदा उघडला की तो ग्लोबल की पोर्टेबल इन्स्टन्स (स्वतंत्र मांडणी) असं विचारतो. एकाच गेमसाठी वापरणार असाल तर पोर्टेबल घ्या, म्हणजे सगळं एका फोल्डरात राहतं. शेवटी नेक्ससचं खातं जोडायला सांगेल, ते जोडा. नेक्ससच्या पानावरचं मॅनेजरने डाउनलोड करायचं बटण दाबल्यावर भलताच प्रोग्रॅम उघडत असेल तर एमओ२च्या सेटिंग्जमधल्या नेक्सस टॅबवर त्या लिंका एमओ२कडे वळवायचं बटण आहे. व्हॉर्टेक्सही मशीनवर असेल तर या लिंकांवरून दोघांची ओढाताण चालू राहते, तेव्हा एकाला रजा द्या.

आता आवृत्ती. इथे निष्काळजीपणा केला तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशन आली आणि गेमची एक्झी (गेम चालवणारी मूळ फाइल) १.५.९७ वरून १.६ च्या मालिकेत गेली. पुढे १.६.११७० पर्यंत अपडेट आले. मॉडना जास्तीच्या सोयी देणारा स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे एसकेएसई, आणि त्यावर उभे असलेले डीएलएल मॉड (कोडची फाइल असलेले) एक्झीच्या नेमक्या आवृत्तीला बांधलेले असतात. १.६.११७० ला एसकेएसई २.२.६ लागतो, १.५.९७ ला २.०.२०. गेमच्या एक्झीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आवृत्ती बघा आणि मगच डाउनलोड करा. जीओजीच्या दुकानातून घेतलेल्या गेमसाठी एसकेएसईचा वेगळा बिल्ड असतो. गेम पासच्या आवृत्तीवर एसकेएसई चालतच नाही. तिथे खेळत असाल तर हा लेख इथेच सोडून दिलात तरी चालेल. स्टीमवर गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘गेम चालू करतानाच अपडेट करा’ हा पर्याय निवडा. गेम नेहमी एसकेएसईच्या लोडरने काढायचा असल्यामुळे स्टीम सहसा परस्पर अपडेट करत नाही.

एसकेएसई बसवताना एमओ२ची एक मर्यादा समोर येते. तो फक्त ‘डेटा’च्या आतलं भासवू शकतो. जी फाइल गेमच्या मुख्य फोल्डरात, एक्झीच्या शेजारी लागते ती हातानेच टाकावी लागते. एसकेएसईच्या झिपमधला लोडर आणि आवृत्तीचं नाव असलेली डीएलएल मुख्य फोल्डरात ठेवा. झिपमधलं ‘डेटा’ फोल्डर, ज्यात स्क्रिप्ट असतात, ते एमओ२मध्ये साध्या मॉडसारखं बसवा. बरेच जण डीएलएल टाकतात आणि स्क्रिप्ट विसरतात. मग एसकेएसई चालू दिसतो, पण त्यावर अवलंबून असलेले मेनू अर्धवट वागतात. एमओ२ बंद करून पुन्हा उघडला की उजवीकडे वर, ‘रन’च्या शेजारच्या यादीत एसकेएसई आपोआप दिसतो. तो निवडून गेम चालू करा, टिल्ड दाबून कन्सोल उघडा आणि ‘गेटएसकेएसईव्हर्जन’ (getskseversion) टाइप करा. आकडा आला म्हणजे गाडी रुळावर आहे.

पहिली खेप छोटी ठेवा. ॲड्रेस लायब्ररी (डीएलएल मॉडना लागते), एसएसई इंजिन फिक्सेस (इंजिनच्या चुकांसाठी), स्काययूआय (मेनूसाठी), अनऑफिशियल पॅच (गेममधल्या चुकांसाठी) आणि क्रॅश लॉगर (गेम कोसळल्याची नोंद ठेवायला). एवढे पाच नीट चालल्याशिवाय सहावा नको. ॲड्रेस लायब्ररीच्या पानावर १.५ आणि १.६ साठी वेगवेगळ्या फाइली आहेत. चुकीची घेतली तर गेम चालू होतानाच डीएलएल मॉड बंद केल्याची यादी समोर येते. इंजिन फिक्सेसचे दोन भाग आहेत : पहिला एमओ२मध्ये, दुसरा हाताने मुख्य फोल्डरात. अनऑफिशियल पॅचच्या नव्या आवृत्तीला फिशिंग, सर्व्हायव्हल मोड, सेंट्स अँड सेड्यूसर्स आणि रेअर क्युरिओज या चार मोफत क्रिएशन्स (गेमच्या कंपनीकडचे जोडभाग) लागतात.

बसवणं सोपं आहे, पण दोन खाचा आहेत. ‘डाउनलोड्स’ टॅबमध्ये फाइलवर डबल क्लिक केलं की मॉड डाव्या यादीच्या तळाशी येतो, मात्र टिक नसलेला. टिक आपणच करायची. आणि झिपच्या आत एखादं जास्तीचं फोल्डर असेल तर एमओ२ लाल अक्षरांत सांगतो की आतली मांडणी बरोबर दिसत नाही. तेव्हा घाईने ओके दाबू नका. ज्या फोल्डरच्या लगेच आत ‘मेशेस’ (वस्तूंचे आकार), ‘टेक्श्चर्स’ (पृष्ठभागाची चित्रं) किंवा ईएसपी (प्लगइनची) फाइल आहे त्यावर राइट क्लिक करून ते ‘डेटा’ म्हणून ठरवा. लाल अक्षरं हिरवी झाली की पुढे.

आता एमओ२चा गाभा, म्हणजे दोन याद्या. डावी यादी फाइलींची : टेक्श्चर, मेश, आवाज, स्क्रिप्ट. यात खाली असलेला मॉड वरच्यावर मात करतो. उजवी यादी प्लगइनची : ईएसएम, ईएसपी, ईएसएल, म्हणजे गेमच्या नोंदी. तिथेही खालचा जिंकतो. दोन्ही क्रम एकमेकांपासून स्वतंत्र आहेत, आणि नवशिक्यांचा निम्मा वैताग इथूनच निघतो.

लिडिया या गेममधल्या साथीदारणीचं उदाहरण घ्या. चेहरे बदलणारे दोन मॉड टाकले आणि दोघांनीही लिडियाला हात लावला. तिच्या डोक्याचा आकार आणि त्वचेचा रंग फेसजेन (तयार चेहऱ्याच्या) फाइलींत असतो, तो डाव्या यादीवरून ठरतो. कोणते केस, कोणते डोळे, रंगाची कोणती छटा हे प्लगइनमधल्या नोंदीत असतं, ते उजव्या यादीवरून ठरतं. डावीकडे पहिला मॉड जिंकला आणि उजवीकडे दुसरा, तर दोन्ही जुळत नाहीत आणि लिडियाचं अंग गोरं, पण तोंड काळपट-करडं दिसायला लागतं. उपाय साधा आहे : त्या दोन मॉडचा क्रम दोन्ही याद्यांत सारखा ठेवा. डाव्या यादीत मॉडशेजारी विजेचं चिन्ह दिसतं. हिरव्या अधिकचा अर्थ हा दुसऱ्यावर मात करतोय, लाल वजाचा अर्थ याच्यावर कोणीतरी मात केलीय. मॉडवर डबल क्लिक करून ‘कॉन्फ्लिक्ट्स’ टॅब उघडला की फाइलवार हिशोब मिळतो. हा एक टॅब एवढा उपयोगी आहे की बाकी सगळी कटकट त्यासाठी माफ.

याला एक पोटनियम आहे. बीएसए अर्काइव्हमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, बांधलेली फाइल सुट्या फाइलीपुढे नेहमी हरते, मग तो मॉड डाव्या यादीत कितीही खाली असो. दोन बीएसएंमधला निकाल प्लगइनच्या क्रमावर लागतो. ‘मॉड अगदी खाली ठेवला तरी टेक्श्चर बदलत नाही’ असं झालं तर आधी हे तपासा.

उजव्या यादीवरचं ‘सॉर्ट’ बटण लूट हे क्रम लावणारं साधन चालवतं. सुरुवातीला त्यावर विसंबायला हरकत नाही. पण ते फक्त प्लगइन लावतं, डाव्या यादीला शिवत नाही. शिवाय दोन मॉडच्या नोंदीतला झगडा मिटवायला कधीकधी पॅचच लागतो. साध्या प्लगइनची मर्यादा २५४ आहे. ईएसएल म्हणून खूण केलेली हलकी प्लगइनं वेगळी मोजली जातात आणि ती ४०९६ पर्यंत चालतात, त्यामुळे मर्यादेची काळजी लगेच करायची गरज नाही.

डाव्या यादीच्या तळाशी ‘ओव्हरराइट’ नावाची ओळ असते. साधनांनी तयार केलेल्या फाइली तिथे साचतात. नेमेसिस चालवला, बॉडीस्लाइडने कपडे बनवले की माल तिथे येऊन पडतो. राइट क्लिक करून त्याचा लगेच वेगळा मॉड बनवा. नाहीतर महिन्याभराने कोणती फाइल कुठून आली हे कोणालाच सांगता येणार नाही.

बिघाड ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. मुख्य मेनू यायच्या आतच गेम बंद पडला तर एखाद्या प्लगइनचा मास्टर (ज्यावर ते अवलंबून आहे ते प्लगइन) गायब असणार. एमओ२ त्या प्लगइनपुढे इशाऱ्याचं चिन्ह दाखवतो. वस्तू जांभळी दिसली तर टेक्श्चर नाही, जागेवर लाल त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसलं तर मेश नाही. सुरुवातीची हेल्गनला जाणारी बैलगाडी… चुकलो, घोडागाडी, हवेत गटांगळ्या खायला लागली तर फ्रेमरेट ६० च्या पुढे गेलाय. गेमचं भौतिकशास्त्र फ्रेमरेटला बांधलेलं आहे, तेव्हा ६० वर मर्यादा घाला किंवा एसएसई डिस्प्ले ट्वीक्स टाका. खेळताना गेम कोसळला तर ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘माय गेम्स’खाली स्कायरिमच्या फोल्डरात, एसकेएसई नावाच्या उपफोल्डरात क्रॅश लॉग सापडतो. त्यात वरच्या भागात आलेली मॉडची आणि फाइलींची नावं वाचा. दोष नेहमी त्यांचाच असतो असं नाही, पण शोध तिथून सुरू होतो.

टिक काढली की मॉड गेला, हे फाइलींपुरतं खरं आहे. सेव्हपुरतं नाही. स्क्रिप्ट असलेला मॉड चालू खेळात काढला तर त्याचे अवशेष सेव्हमध्ये राहतात आणि कधी तरी पुढे त्रास देतात. टेक्श्चर कधीही बदला. क्वेस्ट, लढाईची पद्धत, नवीन जागा यांचा निर्णय नवा खेळ सुरू करण्याआधीच घ्या. चाचणीसाठी मुख्य मेनूवर कन्सोल उघडून ‘सीओसी रिव्हरवूड’ (coc riverwood) लिहिलं की थेट गावात पोचता. फक्त तिथूनच खरा खेळ पुढे नेऊ नका. एमओ२मध्ये चाचणीसाठी वेगळं प्रोफाइल बनवता येतं आणि त्याच्या सेव्ह व आयएनआयही वेगळ्या ठेवता येतात. व्हॉर्टेक्समध्येही प्रोफाइल आहेत, पण एमओ२मध्ये अदलाबदल चटकन होते.

टेक्श्चरबद्दल हाव आवरा. बीसी७ या पद्धतीने दाबलेलं २के टेक्श्चर साधारण ५.३ एमबी ग्राफिक्स मेमरी खातं, ४के साधारण २१ एमबी, म्हणजे चौपट. ६ जीबीच्या लॅपटॉपवर २के घ्या आणि ४के फार तर डोंगर-जमिनीपुरतं ठेवा. एमओ२चं ‘मॉड्स’ फोल्डर एसएसडीवर हवं. ‘डाउनलोड्स’चा मार्ग सेटिंग्जमधून जुन्या हार्ड डिस्कवर नेलात तर बरीच जागा वाचते.

तक्रारीही आहेत. पडदा पहिल्यांदा बघणाऱ्याला घाबरवतो : चिन्हं बारीक, रंगांचे अर्थ कोणी सांगत नाही, मदतीचा मजकूर त्रोटक. मॉडची संख्या शेकड्यांत गेली की गेम सुरू व्हायला वेळ लागतो. काही अँटिव्हायरस त्याच्या आभासी फाइल यंत्रणेवर संशय घेतात, त्यामुळे त्याचं फोल्डर वगळावं लागतं. मुख्य फोल्डरात जाणाऱ्या फाइलींसाठी रूट बिल्डर नावाचं जोडसाधन आहे, पण ही सोय मुळातच हवी होती. नेक्ससच्या फुकट खात्यावर डाउनलोडचा वेग मर्यादित असतो आणि प्रत्येक फाइल स्वतः क्लिक करून घ्यावी लागते. हा दोष एमओ२चा नाही, पण मोठी यादी जमवताना संध्याकाळ त्यातच जाते.

तयार याद्या हव्या असतील तर वाबाजॅक नावाचा प्रोग्रॅम पूर्ण यादी एमओ२सकट उभी करून देतो. आपोआप डाउनलोडसाठी मात्र नेक्ससचं प्रीमियम लागतं. त्या यादीत नंतर स्वतःचे चार मॉड घालायचे ठरवलेत तर डावी-उजवी यादी शिकावीच लागते. आणि क्रम बदलायला बसण्याआधी दोन्ही याद्यांच्या वर असलेली बॅकअपची छोटी बटणं दाबायला विसरू नका.