फराळाचा घरगुती व्यवसाय: सोसायटीचा ग्रुप की प्रदर्शनातला स्टॉल?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खर्च जवळपास शून्य. पण रोज जाहिरात टाकली की लोक ग्रुप म्यूट करतात आणि अ‍ॅडमिनही वैतागतो. आठवड्यातून एकच मेसेज पुरे: फोटो, वजन, भाव, ऑर्डरची शेवटची वेळ. गुरुवारी रात्री ऑर्डर बंद, रविवारी सकाळी घरपोच. मोजून माल केल्याने शिळा उरत नाही. पुढे नेहमीच्या गिऱ्हाइकांची ब्रॉडकास्ट लिस्ट (एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा पाठवायची यादी) करावी. तिच्यात 256 जण मावतात. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज पोहोचतच नाही, म्हणून पहिल्या डिलिव्हरीलाच त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या.

स्टॉलवर भाडं आगाऊ जातं आणि किती माल न्यायचा हा अंदाजच असतो. मोठी चूक होते ती चवीला काही न ठेवण्याची. अनोळखी माणूस चाखल्याशिवाय चकली घेत नाही. 1 किलो चिवड्यात 10 ग्रॅमचे 100 नमुने होतात. तो खर्च भाड्यातच धरा. चकलीचा डबा सतत उघडा राहिला तर ती मऊ पडते, तेव्हा नमुने छोट्या बरणीत काढा. 250 ग्रॅमची पाकिटं जास्त न्या, त्यावर एफएसएसएआयचा (सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी क्रमांक हवाच. सुटे पैसे, क्यूआर कोड आणि नाव-नंबर लिहायला वही.

सुरुवात ग्रुपवरूनच करावी. ओळखीबाहेरचं गिऱ्हाईक हवं झालं, की दिवाळीच्या तोंडावर एक स्टॉल घ्यावा.